लिनक्सवर आवाज येईना? ड्रायव्हर शोधत बसण्याआधी

"मामा, आवाजच येईना गेलाय. ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?"

मानवतहून भाच्याचा फोन. संभाजीनगरच्या एका दुकानातून त्याने कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप आणला होता आणि मित्राकडून त्यावर लिनक्स मिंट टाकून घेतलं होतं. स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ बघायला बसला तर सरांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. मला फोन करेपर्यंत गड्याने साउंड चिपच्या कंपनीचं नाव हुडकून भलीमोठी एक्सई फाइल उतरवूनही ठेवली होती. दिवसाचा डेटा त्यातच संपला. ती फाइल लिनक्सवर चालत नाही, आणि चालायची गरजही नसते.

विंडोजची सवय असलेला माणूस आवाज गेला की आधी ड्रायव्हर शोधतो. लिनक्सवर साउंड कार्डाचे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोबतच येतात. तुम्ही निवडायच्या आधीच ते निवडलेले असतात, आणि बहुतेक वेळा बरोबर निवडलेले असतात. आवाज अडतो तो भलतीकडेच. डाव्या कालव्यावर शेती असलेल्याला हे सांगावं लागत नाही: जायकवाडीत पाणी आहे, आवर्तन सुटलंय, तरी टेलच्या वावरात थेंब नाही. तेव्हा कुणी नवं धरण बांधायला निघत नाही. कालव्याच्या कडेने चालत जायचं आणि कोणतं दार बंद आहे ते बघायचं.

आपणही तसंच चालत जाऊ. कमांडी मी भाच्याला फोनवर सांगितल्या तशाच लिहितोय. टाइप करताना सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीतली.

थोडा इतिहास, कारण जुने लेख दिशाभूल करतात

नेटवर शोधलं की "ओएसएस वापरा की आल्सा वापरा" असा वाद घालणारं बरंच जुनं लिखाण सापडतं. ओएसएस म्हणजे ओपन साउंड सिस्टिम. हन्नू सावोलाइनेन या फिनिश प्रोग्रॅमरने १९९२ साली साउंड ब्लास्टर कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरपासून ती वाढली. पुढे तिच्या मालकीहक्काची भानगड झाली. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला याने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर लिहायला घेतला, त्यातून आल्सा, म्हणजे कर्नलमधली आजची आवाजाची यंत्रणा, उभं राहिलं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून आल्साच मुख्य आहे. म्हणजे आज लिनक्सवर हा निर्णय तुम्हाला घ्यायचाच नाही. कुणी ओएसएस टाकायला सांगितलं तर त्या लेखाची तारीख बघा.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आजही ओएसएस पद्धतच चालते. कुठला ड्रायव्हर लागतो ते कळत नसेल तर "केएलडीलोड स्पेस एसएनडी अंडरस्कोर ड्रायव्हर" दिलं की सगळे ड्रायव्हर एकदम लोड होतात. मग "कॅट स्पेस स्लॅश डेव्ह स्लॅश एसएनडीस्टॅट" करून कुणी कार्ड पकडलं ते वाचायचं आणि पुढच्या वेळेला तेवढंच ठेवायचं. बाकी हा लेख लिनक्सचा.

पायरी १: कार्ड कोणतं, आणि त्याला कोण हाकतंय?

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. पहिली कमांड: एल लातूरचा, एस सेलूचा, पी परभणीचा, सी कॉम्प्युटरचा, आय इंडियाचा. मग स्पेस, डॅश, के. फोनवर एम आणि एन सारखेच ऐकू येतात, म्हणून आमच्यात एम मानवतचा आणि एन नांदेडचा असं ठरलंय.

बरीच मोठी यादी येईल. त्यात "ऑडिओ" शब्द असलेली ओळ शोधा. तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं लिहिलेलं असतं आणि पुढे नाव. तिथे काही ना काही नाव असेल, तर ड्रायव्हर लागलेला आहे.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं नाव एसएनडी-एचडीए-इंटेल. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या मशीनवर आणि एनव्हिडियाच्या एचडीएमआय आवाजालाही हाच ड्रायव्हर असतो. "माझं तर एएमडी आहे, चुकीचा ड्रायव्हर लागला" म्हणून घाबरू नका. २००४ साली इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं मानक आणलं, त्यावर चालणाऱ्या जवळपास सगळ्यांसाठी हा ड्रायव्हर आहे. त्याआधीच्या एसी-९७ काळातला डबा असेल तर एसएनडी-इंटेल-८एक्स०सारखं नाव दिसेल. अलीकडच्या लॅपटॉपवर "सॉफ-ऑडिओ-पीसीआय" अशी सुरुवात दिसली तर पायरी ४ नीट वाचा.

एक गोंधळ इथेच मिटवू. बॉक्सवर "रिअलटेक ऑडिओ" असतं आणि ड्रायव्हरचं नाव इंटेल, हे कसं? आवाजाच्या कामात दोन भाग असतात. एक कंट्रोलर, जो मदरबोर्डच्या मुख्य चिपमध्ये असतो. दुसरा कोडेक, म्हणजे आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारी छोटी चिप. रिअलटेक हा बहुतेकदा कोडेक असतो. एचडीए ड्रायव्हर कंट्रोलरला धरतो आणि कोडेकचा मॉड्यूल आपोआप सोबत घेतो. त्यामुळे "रिअलटेकचा लिनक्स ड्रायव्हर" शोधणं जवळपास नेहमी फुकट जातं. भाच्याची ती मोठी फाइल याच वाटेने आली होती.

पायरी २: आल्साला किती कार्डं दिसताहेत?

"एप्ले स्पेस डॅश एल". एप्लेचं स्पेलिंग ए, पी, एल, ए, वाय. शेवटचा एल लहान लिपीतला, एक आकडा नव्हे.

भाच्याच्या मशीनवर दोन कार्डं आली. कार्ड ० एचडीएमआय, कार्ड १ पीसीएच. हा इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या लॅपटॉपचा नेहमीचा खेळ आहे. टीव्हीला जोडायची केबल ज्यातून जाते ते एचडीएमआय शून्य नंबर घेऊन बसतं आणि खरे स्पीकर एक नंबरवर जातात. काही प्रोग्रॅम डोळे झाकून शून्याकडे आवाज पाठवतात. तिथे टीव्हीच नाही, मग ऐकणार कोण?

"नो साउंडकार्ड्स फाउंड" असं उत्तर आलं किंवा सेटिंगमध्ये "डमी आउटपुट" एवढंच दिसलं, तर पायरी ३ सोडून सरळ चारवर जा.

पायरी ३: आल्सामिक्सर

जास्तीत जास्त वेळ इथे घालवा, असं माझं मत. पॅनेलवरचा स्पीकरचा आवाज वर-खाली करून काही कळत नाही. टर्मिनलमध्ये "आल्सामिक्सर" टाइप करा. काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतील. आधी एफ-६ दाबा आणि खरं कार्ड निवडा, भाच्याच्या बाबतीत पीसीएच. हे न करता खांब हलवत बसलात तर भलत्याच कार्डाचे हलतील.

प्रत्येक खांबाखाली एक छोटी चौकट असते. तिच्यात दोन शून्यं असतील तर वाट मोकळी, दोन एम असतील तर ती वाट म्यूट. बाणाने त्या खांबावर जायचं आणि एम दाबायचा, एमएमचे शून्य होतात. मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम हे चार नक्की बघा. मास्टर शंभरवर आणि स्पीकर एमएम, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता फोन आला की आधी तेच विचारतो. माइक चालत नसेल तर एफ-४ दाबून कॅप्चरचे खांब बघा, तिथे स्पेसबारने चालू-बंद होतं.

भाच्याचा स्पीकर एमएम होता. त्याने एम दाबला, शून्यं आली, आणि आवाज? नाही. थोड्या वेळाने बघतो तर परत एमएम.

मग मी त्याला पॅव्हूकंट्रोल (पी, ए, व्ही, यू आणि पुढे कंट्रोल) नावाचा प्रोग्रॅम टाकायला लावला. त्याच्या आउटपुट डिव्हाइसेस टॅबमध्ये पोर्टची यादी असते. त्याने वाचून दाखवलं: "हेडफोन्स, प्लग्ड इन."

"हेडफोन काढ की बाबा."

"मामा, हेडफोन लावलेलाच नाही."

मोबाइलची बॅटरी लावून त्याने जॅकच्या भोकात बघितलं. आत कुणाच्या तरी जुन्या हेडफोनची पिन तुटून अडकलेली, सोनेरी टोक चमकतंय. लॅपटॉप बिचारा हेडफोन लागलाय असं समजून स्पीकर इमानदारीने बंद करत होता. दुकानदाराने विकताना स्क्रीन पुसून दिली होती, जॅक काही बघितला नव्हता.

पिन निघेपर्यंतचा इलाज आल्सामिक्सरमध्येच होता. उजवीकडे "ऑटो-म्यूट मोड" नावाचा खांब असतो, तो वरच्या बाणाने "डिसेबल्ड" करायचा. मग स्पीकर उघडून पॅव्हूकंट्रोलमध्ये स्पीकरचं पोर्ट हाताने निवडायचं. आवाज आला. नंतर "सुडो आल्सासीटीएल स्टोअर" देऊन ते जपून ठेवायचं. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, आणि आल्सासीटीएलचं स्पेलिंग ए, एल, एस, ए, सी, टी, एल. पिन पुढे परभणीत वसमत रोडच्या एका मोबाइलवाल्याने काढून दिली. पिन तुटलेली नसली तरी जॅकमध्ये धूळ साचून असंच होतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धुळीला काय तोटा.

ड्रायव्हर नीट आहे का याची निखळ परीक्षा हवी असेल तर "स्पीकर-टेस्ट स्पेस डॅश सी २ स्पेस डॅश टी डब्ल्यूएव्ही". एक बाई "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट" म्हणत राहील. थांबवायला कंट्रोल-सी. ती ऐकू आली तर ड्रायव्हरची शंका सोडा, भानगड ब्राउझरमध्ये किंवा त्या अ‍ॅपच्या आवाजात आहे.

पायरी ४: कार्डच दिसत नाही, म्हणजे फर्मवेअर

आता खरी ड्रायव्हर निवडायची वेळ येते ती इथे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये माइक कोडेकला जोडलेला नसतो. स्क्रीनच्या वर दोन बारीक छिद्रं दिसतात, तो डिजिटल माइक थेट इंटेलच्या मुख्य चिपच्या आत असलेल्या डीएसपी नावाच्या आवाजाच्या प्रोसेसरला जोडलेला असतो. तो डीएसपी चालवायला स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर लागतं. त्यासाठी २०१८ पासून साउंड ओपन फर्मवेअर हा प्रकल्प आहे, त्यालाच सॉफ म्हणतात.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर डेबियन ११ (मिंटसारखाच लिनक्सचा एक प्रकार) टाकलं तेव्हा "डमी आउटपुट" एवढंच दिसायचं. "सुडो डीमेसेज"च्या (स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी) यादीत सॉफ असलेल्या ओळी शोधल्या तर एका ओळीत "इंटेल स्लॅश सॉफ" मधल्या फाइलचं नाव आणि शेवटी उणे २ ही एरर. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही, बस. ड्रायव्हर जागेवर होता, त्याची शिदोरी नव्हती. तेव्हा डेबियनच्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री फर्मवेअर नसायचं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं.

डेबियनवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-सॉफ-साइन्ड, फेडोरावर आल्सा-सॉफ-फर्मवेअर, आर्चवर सॉफ-फर्मवेअर. टाका आणि रीबूट करा. वायफायही चालत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. लिनक्स ते वेगळा ड्रायव्हर न टाकताच ओळखतं.

फर्मवेअर टाकूनही जमत नसेल तर जुन्या वाटेने जाता येतं. "स्लॅश ईटीसी स्लॅश मोडप्रोब डॉट डी" या फोल्डरमध्ये आवाज डॉट कॉन्फ अशी फाइल करा, नाव इंग्रजीत काहीही चालेल, फक्त शेवट डॉट कॉन्फ हवा. त्यात एकच ओळ: ऑप्शन्स, स्पेस, एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी, स्पेस, डीएसपी अंडरस्कोर ड्रायव्हर, बरोबरचं चिन्ह, १. इथे १ म्हणजे जुना एचडीए ड्रायव्हर, ३ म्हणजे सॉफ, ० म्हणजे कर्नलने स्वतः ठरवावं. १ केलं की स्पीकर बोलू लागण्याची शक्यता असते, पण डिजिटल माइक मुका होतो. ऑनलाइन क्लासमध्ये फक्त ऐकायचं असेल तर हा सौदा परवडतो, मुलाखतीची तयारी करणाऱ्याला नाही. पटलं नाही तर ती फाइल काढून टाकायची आणि रीबूट, बिघडत काही नाही.

त्याच फोल्डरमध्ये आणखी एक उपयोगी ओळ ठेवता येते. गाणं थांबलं की दहा-बारा सेकंदांनी स्पीकरमधून "टप्प" असा आवाज येतो आणि परत लावताना पुन्हा "टप्प", अशी तक्रार बरेच जण करतात. तो बिघाड नाही. वीज वाचवायला ड्रायव्हर चिपला झोपवतो आणि उठवतो, त्याचा आवाज. ऑप्शन्स, स्पेस, एसएनडी अंडरस्कोर एचडीए अंडरस्कोर इंटेल, स्पेस, पॉवर अंडरस्कोर सेव्ह, बरोबरचं चिन्ह, ०. बॅटरी किंचित जास्त जाते. लाइट सारखी जाणाऱ्या गावात असाल तर टप्प सहन करा.

पायरी ५: साउंड सर्व्हर

ड्रायव्हर आणि अ‍ॅप यांच्या मध्ये एक वाटाड्या असतो. व्हिडिओ चालू असताना मेसेजची टिंग वाजते, ते दोन्ही आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणं त्याचं काम. २००४ पासून पल्सऑडिओ होता, फेडोराने २००७ मध्ये तो पहिल्यांदा मुख्य केला. आता त्याची जागा पाइपवायरने घेतलीय. फेडोरात २०२१ पासून, उबुंटूत २२.१० पासून, मिंटमध्ये २२ पासून. संगीतवाल्यांसाठी जॅक नावाचा तिसरा होता, त्याचंही काम पाइपवायर सांभाळतो. हार्मोनियम-पखवाज घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना आता वेगळी जुळवाजुळव फारशी लागत नाही.

तुमच्याकडे कोण आहे ते "पॅक्टल इन्फो" सांगतं. स्पेलिंग पी, ए, सी, टी, एल. "सर्व्हर नेम" पुढे "पल्सऑडिओ" आणि कंसात "ऑन पाइपवायर" आलं तर पाइपवायर चालू आहे. नवख्याने इथे निवड करत बसू नये; जे आलंय तेच ठेवावं. एक काढून दुसरा टाकायच्या नादात दोन्ही अर्धवट राहिलेले लॅपटॉप मी दुरुस्त केलेत, आणि ते ड्रायव्हरपेक्षा जास्त डोकं खातात. अडकलाच तर लॉगआउट करून परत लॉगइन करा, सर्व्हर नव्याने उठतो.

ब्लूटूथची तक्रारही इथलीच. हेडसेटवर गाणं छान आणि कॉल लागला की जुन्या एसटीडी बूथसारखा आवाज, असं झालं तर बिघाड समजू नका. गाण्याची प्रोफाइल एकतर्फी असते, माइक चालू झाला की हेडसेट दुसऱ्या, हलक्या प्रोफाइलवर जातो. कॉलसाठी लॅपटॉपचा माइक आणि ऐकायला हेडसेट ठेवलात तर सुटका होते.

पायरी ६: सगळं करून थकलात तर

दोन-अडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बोटाएवढं असतं, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माइकची भोकं. एसएनडी-यूएसबी-ऑडिओ हा एकच ड्रायव्हर यूएसबी ऑडिओचं मानक पाळणारी जवळपास सगळी उपकरणं चालवतो. लावलं की "एप्ले स्पेस डॅश एल"मध्ये नवीन कार्ड दिसतं. चांगला यूएसबी माइक घेतानाही हेच बघा. बॉक्सवर "ड्रायव्हरची गरज नाही" असं असेल तर बिनधास्त घ्या. सोबतच्या सॉफ्टवेअरशिवाय चालत नाही असं असेल तर ठेवून द्या. गावातले एक महाराज असा माइक लावून कीर्तनाचं रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपवर उबुंटूतच करतात. आतलं साउंड कार्ड जळलेलं आहे, त्यांना त्याची आठवणही नाही.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर गोष्ट उलटी. मशीन नवी आणि कर्नल जुना असला की ड्रायव्हर खरोखरच नसू शकतो. तेव्हा मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घ्या, किंवा ताज्या फेडोराचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करताच त्यावरून लिनक्स चालतं) लावून बघा. तिथे आवाज आला तर दोष कर्नलच्या वयाचा.

लाइव्ह पेनड्राइव्हचा खरा उपयोग मात्र खरेदीच्या आधी आहे. जुना लॅपटॉप घ्यायला जाताना तो खिशात ठेवा. दुकानदाराला म्हणा, "दादा, पाच मिनिटं चालू करून बघू का?" काही इन्स्टॉल होत नाही, विंडोज जशीच्या तशी राहते, हेही सांगा म्हणजे तो नाही म्हणणार नाही. स्पीकर वाजवा, स्वतःचा हेडफोन लावून-काढून बघा, माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐका. आणि मोबाइलची बॅटरी लावून जॅकच्या आत एकदा डोकवा.

मदत मागायची वेळ आली तर "आल्सा-इन्फो" ही स्क्रिप्ट चालवा, ती कार्ड, कोडेक, मिक्सर सगळं एका फाइलमध्ये काढून देते. सोबत लॅपटॉपचं मॉडेल आणि "यूनेम स्पेस डॅश आर"ने आलेला कर्नलचा नंबर लिहा. वरच्यापैकी काय काय करून झालं तेही लिहा, नाहीतर समोरचा तुम्हाला पहिल्यापासून एफ-६ दाबायला लावील.